चिपाडातले रसायन

साखर कारखान्यात एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो चिपाड उरते. कारखान्याच्या बोलीत त्याला बगॅस म्हणतात. त्यात निम्मे पाणी असते. कोरडा माल धरला तर १४०-१५० किलो. तो पट्ट्यावरून थेट बॉयलरकडे जातो, त्याच्या आचेवर वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते, कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. ही व्यवस्था चांगली बसलेली आहे. तरीही बॉयलरच्या तोंडाशी जाणाऱ्या त्या चिपाडात काय काय आहे हे कळल्यावर ते सगळेच्या सगळे जाळून टाकणे मनाला पटत नाही.

कोरड्या चिपाडाचा ४० ते ४५ टक्के भाग सेल्युलोज असतो. ग्लुकोजचे हजारो रेणू एकामागे एक जोडून झालेली ही लांबलचक साखळी. पाव भागाच्या आसपास हेमिसेल्युलोज असते. त्याच्या साखळ्या आखूड आणि फांद्या फुटलेल्या, आणि त्या मुख्यतः झायलोज या पाच कार्बनच्या साखरेच्या बनलेल्या असतात. उरलेल्यात मोठा वाटा लिग्निनचा. बेंझिनसारखी कडी अंगात असलेला हा पदार्थ झाडाला ताठ उभे ठेवतो. मग थोडी राख. पऱ्हाटी घ्या, तुराट्या घ्या, भाताचा पेंढा घ्या की लाकूड घ्या, प्रमाण बदलते, पण मुख्य घटक हेच तीन.

आपल्या रोजच्या वापरातले प्लास्टिक, रंग, कृत्रिम धागे, चिकटद्रव्ये, बरीचशी औषधे यांच्यातला कार्बन खनिज तेलातून किंवा नैसर्गिक वायूतून आलेला असतो. विजेसाठी तेल-कोळसा सोडायचा तर सूर्य आहे, वारा आहे. पण सौर पॅनेलमधून नायलॉनचा धागा निघत नाही. वस्तू बनवायला कार्बनचे अणूच लागतात, आणि दरवर्षी नव्याने उगवणारा कार्बन फक्त वनस्पतींत आहे. म्हणून वनस्पतीजन्य मालापासून रसायने बनवणारे उत्प्रेरक शोधण्याचे काम मला केवळ प्रयोगशाळेपुरते वाटत नाही.

उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, ही शाळेतली व्याख्या. ती बरोबर आहे, पण तिच्यातून एक गोष्ट सुटते. कोणत्याही साखरेला उष्णता दिली तर तिच्यापुढे एकाच वेळी अनेक वाटा खुल्या असतात. उत्प्रेरक त्यांतली एखादी वाट सोपी करतो आणि बाकीच्या मागे पडतात. खनिज तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यांतले उत्प्रेरक शंभर वर्षांच्या मेहनतीने घडले, पण ते तेलासाठी. तेलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिथे रेणू तोडायचे, त्यांचा आकार बदलायचा, आणि रसायन हवे असेल तर बाहेरून ऑक्सिजन आणून जोडायचा. वनस्पतीत नेमके उलटे आहे. ग्लुकोजच्या वजनात ५३ टक्के ऑक्सिजन असतो. इथे रेणूवर अणुगटांची दाटी आहे, त्यातले नेमके नको ते काढायचे आणि हवे ते ठेवायचे. शिवाय तेल वायुरूपात, कोरड्या वाटेने उत्प्रेरकावरून जाते. साखर तापवली तर वाफ होण्याआधीच करपते. तिच्यावर काम करायचे ते पाण्यात, आणि तेही दीडशे-दोनशे अंश तापलेल्या, दाबाखालच्या पाण्यात.

या सगळ्या अडचणी एका जुन्या रसायनाच्या कथेत नीट दिसतात. त्याचे नाव फरफ्युरल.

योहान वोल्फगांग डोबेरायनर हे जर्मनीतल्या येना गावचे रसायनशास्त्रज्ञ. हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर सोडला की तो आपोआप पेट घेतो, हे त्यांनी १८२३ मध्ये दाखवले आणि त्यावर चालणारा दिवा बनवला. बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये अशा क्रियांना 'कॅटॅलिसिस' हे नाव दिले, त्याच्या एक तप आधीची ही गोष्ट. याच डोबेरायनर यांना साखरेपासून फॉर्मिक आम्ल बनवताना एक तेलकट, बदामासारख्या वासाचा पदार्थ थोडासा मिळाला. त्याची नोंद त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे स्कॉटलंडचे जॉन स्टेनहाउस यांनी दाखवले की ओट, मका, कोंडा, लाकडाचा भुसा, असे काहीही सौम्य गंधकाम्लाबरोबर उकळून ऊर्ध्वपातन केले तर तोच पदार्थ मिळतो. म्हणजे तो वनस्पतीतच दडलेला होता. मग सुमारे ८० वर्षे फरफ्युरल काचेच्या बाटलीत राहिले. वास ओळखीचा, गिऱ्हाईक नाही.

ते बाटलीतून बाहेर आले अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स या गावी. क्वेकर ओट्स कंपनीकडे ओटच्या टरफलांचे डोंगर साचत. गुरांना ती नीट पचत नसत. आम्ल लावून पचनीय करता येतील का, या खटपटीत रसायनशास्त्रज्ञ कार्ल मायनर आणि हॅरल्ड ब्राउनली होते. पचनीय टरफले बनवता बनवता त्यांना भरपूर फरफ्युरल मिळू लागले. कंपनीकडे दाबाखाली शिजवण्याची मोठी भांडी रिकामी पडून होती. १९२२ मध्ये त्याच भांड्यांत उत्पादन सुरू झाले. वंगण तेल शुद्ध करायला, राळ बनवायला, दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबराचा कच्चा माल वेगळा करायला फरफ्युरल लागू लागले. ड्यूपाँ कंपनीने तर नायगारा फॉल्स येथे १९६१ पर्यंत फरफ्युरलपासून नायलॉनचा एक कच्चा माल बनवला. टरफलांपासून नायलॉन! मग खनिज तेलातून येणारा कच्चा माल स्वस्त पडू लागला आणि ती वाट बंद झाली. वनस्पतीपासून रसायने ही काही कालची कल्पना नव्हे. ती एकदा चालली होती आणि तेलाच्या भावापुढे हरली.

आज जगातले बहुतांश फरफ्युरल चीनमध्ये बनते, मुख्यतः दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या ला रोमाना येथे आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेझेला येथे मात्र कच्चा माल उसाचे चिपाड आहे, आणि प्रकल्प साखर कारखान्याच्या अंगणातच आहे. फरफ्युरलचा सर्वांत मोठा उपयोग फरफ्युरिल अल्कोहोल बनवण्यासाठी होतो. त्यापासून होणारी फ्युरान राळ वाळूत मिसळून लोखंडी ओतकामाचे साचे बनवतात. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावांत ही राळ नवी नाही. एकाच जिल्ह्यात उसाचे चिपाड जळते आणि चिपाडापासून बनू शकणारी राळ बाहेरून येते, याचा विचार आपल्याकडे व्हावा तेवढा झालेला नाही.

आता रसायन पाहू. झायलोजच्या एका रेणूत पाच कार्बन, दहा हायड्रोजन, पाच ऑक्सिजन. त्यातून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की उरतात पाच कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन, म्हणजेच फरफ्युरल. बाहेरून काही घालायचे नाही, फक्त पाणी काढायचे, आणि हे पाणी काढायला आम्ल हा उत्प्रेरक पुरतो. १५० ग्रॅम झायलोजपासून कागदावर ९६ ग्रॅम फरफ्युरल मिळायला हवे. वरच्या एक टन उसाचा हिशेब लावला तर कागदावरचा आकडा २५ किलोंच्या आसपास जातो. जुन्या गंधकाम्लाच्या पद्धतीत हाती लागते त्याच्या जवळपास निम्मे.

उरलेले निम्मे जाते कुठे? फरफ्युरल तयार झाल्यावर क्रिया थांबत नाही. गरम आम्लात ते न वापरलेल्या झायलोजशी आणि आपल्याच भावंडांशी जोडत जाते आणि काळा, चिकट, कशातच न विरघळणारा गाळ तयार होतो. त्याला ह्युमिन म्हणतात. गुऱ्हाळावर कढईतला रस ठरावीक क्षणी उतरवला नाही तर गूळ करपतो, त्याच जातीची ही अडचण आहे. गुळव्याला तो क्षण फेसावरून आणि वासावरून कळतो. इथे बंद पोलादी भांड्यात अब्जावधी रेणू एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. एकाचा क्षण झालेला असतो, दुसऱ्याची सुरुवातही नसते. क्वेकरच्या पद्धतीत यावर उपाय म्हणून मालातून सतत वाफ सोडत आणि तयार झालेले फरफ्युरल वाफेबरोबर बाहेर ओढत. त्याला वाफ प्रचंड लागते आणि तिच्याबरोबर पैसा जातो.

या क्षेत्रातले गेल्या दोन-तीन दशकांचे संशोधन वाचताना माझे एक मत पक्के होत गेले. वनस्पतीतल्या रेणूंना क्रिया करायला लावणे अवघड नाही, ते तर अधीरच असतात. उत्प्रेरकाची खरी कसोटी क्रिया हव्या त्या पायरीवर थांबवण्यात आहे. जे प्रयोग यशस्वी झाले त्या सगळ्यांच्या मुळाशी थांबवण्याची काही ना काही युक्ती सापडते.

पुण्याच्या पाषाणमधल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, परेश ढेपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बगॅस, भाताचे तूस, गव्हाचे काड अशा मालावर हेच काम केले आहे. गंधकाम्ल द्रवरूप असते; काम झाल्यावर ते मालातच राहते, मग चुना घालून मारावे लागते आणि जिप्समचा ढीग उरतो. भांडीही गंजतात. त्याऐवजी घन आम्ल वापरायचे, म्हणजे पांढरी, वाळूसारखी पूड. तिच्या कणांच्या पृष्ठभागावर आणि आतल्या छिद्रांत आम्लाच्या जागा असतात. काम झाले की गाळून काढायची आणि पुन्हा वापरायची. झीओलाइट हे अशा घन आम्लांचे प्रसिद्ध घराणे. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची ती शिस्तबद्ध जाळी असते आणि छिद्रांचा व्यास अर्धा ते पाऊण नॅनोमीटर. एनसीएलला हे घराणे परके नव्हते. १९८०च्या दशकात तेलरसायनांसाठी तिथे विकसित झालेला एन्सिलाइट नावाचा झीओलाइट उद्योगात वापरला गेला होता. पण तेलासाठी घडवलेले हत्यार उसाच्या चिपाडावर चालवायचे तर ते बदलावे लागते.

असा एक प्रयोग जवळून पाहू. लहान पोलादी भांड्यात चिपाडाची किंवा त्यातून काढलेल्या हेमिसेल्युलोजची पूड, घन आम्लाची पूड, पाणी, आणि पाण्याइतकेच किंवा त्याहून जास्त टोल्युइन, म्हणजे पाण्यात न मिसळणारे एक द्रावक, घालतात. झाकण बोल्टांनी आवळतात आणि १७० अंशांवर काही तास ढवळत ठेवतात. आधी गरम पाणीच हेमिसेल्युलोजला हात घालते. त्याच्या साखळीला अ‍ॅसिटिल गट चिकटलेले असतात. ते सुटले की अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, तयार होते आणि ते साखळी तोडायला मदत करते. वनस्पती आपल्या विघटनाचे पहिले आम्ल स्वतःच पुरवते, ही मला या प्रकरणातली फार सुंदर गोष्ट वाटते. आखूड झालेले तुकडे पाण्यात विरघळतात आणि घन आम्लाच्या जागांपर्यंत पोचतात. तिथे झायलोज होते, झायलोजमधून पाणी निघते, फरफ्युरल होते. आणि फरफ्युरलला पाण्यापेक्षा टोल्युइन जास्त आवडते. तयार होताच ते वरच्या थरात निघून जाते. आम्ल खालच्या थरात, फरफ्युरल वर, त्यामुळे पुढची करपण्याची क्रिया मंदावते. भांडे थंड करून उघडले की दोन थर स्पष्ट दिसतात आणि बदामासारखा वास येतो. टोल्युइन उडवून ऊर्ध्वपातन केले की बिनरंगी फरफ्युरल मिळते. तेही बाटलीत हवेशी संपर्क आला की पिवळे आणि मग तपकिरी होते. थांबायचे नाही हा त्याचा स्वभावच आहे.

एनसीएलमध्ये सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि फॉस्फरस यांच्या जाळीचे सापो-४४ हे घन आम्ल या कामात चांगले टिकले. हेमिसेल्युलोजपासून एकाच भांड्यात साठ टक्क्यांच्या आसपास फरफ्युरल मिळाले आणि तीच पूड परत परत वापरता आली. टिकण्याला मी मुद्दाम महत्त्व देतो, कारण गरम पाणी हा उत्प्रेरकांचा मोठा शत्रू आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास हे पद्धतशीर तपासले. तेलशुद्धीकरणात वर्षानुवर्षे इमानाने काम करणारा वाय प्रकारचा झीओलाइट २०० अंशांच्या पाण्यात काही तासांत ढासळला, त्याची शिस्तबद्ध जाळी मोडली. झेडएसएम-५ हा दुसरा झीओलाइट त्याच पाण्यात टिकला. गॅमा अ‍ॅल्युमिना हा तर धातू-उत्प्रेरकांचा नेहमीचा आधार. तो गरम पाण्यात बोहमाइट या दुसऱ्याच खनिजात बदलतो आणि त्याच्यावरचे धातूचे कण विस्कटतात. एखाद्या शोधनिबंधात फरफ्युरलचा मोठा आकडा दिसला की मी आधी पाहतो, दुसऱ्या-तिसऱ्या वापरानंतर काय झाले, आणि कच्चा माल शुद्ध झायलोज होता की खरे चिपाड. खऱ्या चिपाडात माती असते, वाळू असते, पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षार असतात. हे क्षार घन आम्लाच्या जागा एकेक करून निकामी करतात. शिवाय प्रयोगात साखर पाण्यात एक-दोन टक्के असते. कारखान्यात इतके पातळ पाणी उकळणे परवडत नाही, आणि घट्ट केले की ह्युमिन वाढतो.

हेमिसेल्युलोज तरी सैल असते. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगलेल्या असतात, पाण्यात विरघळत नाहीत. त्या तोडायला जास्त उष्णता द्यावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेत सुटलेले ग्लुकोज करपायला लागते. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात आत्सुशी फुकुओका आणि त्या वेळी तिथेच असलेले परेश ढेपे यांनी २००६ मध्ये याला एक चतुर उत्तर दिले. सेल्युलोज आणि पाणी यांच्याबरोबर त्यांनी अ‍ॅल्युमिनावर बसवलेले प्लॅटिनम आणि दाबाखालचा हायड्रोजन घातला आणि १९० अंशांवर २४ तास ठेवले. ग्लुकोज सुटले रे सुटले की प्लॅटिनमवर हायड्रोजन त्याला जोडला जातो आणि त्याचे सॉर्बिटॉल होते. ग्लुकोजच्या टोकाचा जो अणुगट करपण्याला सुरुवात करून देतो, तोच इथे नाहीसा होतो. सॉर्बिटॉल शांत असते. पहिल्या प्रयत्नात साखर-अल्कोहोलांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के आले, पण वाट सापडली. सॉर्बिटॉल टूथपेस्टमध्ये, बिनसाखरेच्या गोळ्यांत असते, आणि क जीवनसत्त्व बनवण्याची सुरुवातही त्यापासून होते. आज उद्योगात ते स्टार्चपासून, म्हणजे खाण्याजोग्या मालापासून बनते. ते सेल्युलोजपासून बनवता आले तर अन्न बाजूला राहते.

प्लॅटिनम महाग. चीनमधल्या दालियानच्या रासायनिक भौतिकी संस्थेत चांग ताओ यांच्या गटाने २००८ मध्ये टंगस्टन कार्बाइड आणि थोडे निकेल कार्बनवर बसवले, आणि निकाल वेगळाच आला. २४५ अंशांवर अर्ध्या तासात सेल्युलोजपासून सॉर्बिटॉलऐवजी इथिलीन ग्लायकॉल मिळाले, तेही ६१ टक्के. टंगस्टन सहा कार्बनच्या साखरेला मधेच कापून दोन-दोन कार्बनचे तुकडे करते आणि निकेल त्या तुकड्यांना हायड्रोजन जोडून स्थिर करते. दोन धातूंचा वेग जुळला पाहिजे. कापणी जलद आणि जोडणी मंद झाली तर तुकडे करपतात; जोडणी आधी झाली तर पुन्हा सॉर्बिटॉलच. इथिलीन ग्लायकॉल म्हणजे पॉलिएस्टरचा अर्धा कच्चा माल आणि गाड्यांच्या कूलंटमधला मुख्य घटक.

कथिलाचे काम आणखी नाजूक. ग्लुकोजचे फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करायला उद्योगात एन्झाइम वापरतात. ते चांगले काम करते, पण जास्त तापमान आणि आम्ल त्याला सोसत नाही. अमेरिकेत कॅलटेकमध्ये मार्क डेव्हिस यांच्या गटाने २०१० मध्ये सिलिकाच्या झीओलाइट-जाळीत मोजके कथिलाचे अणू बसवले. १४० अंशांवर १२ मिनिटांत ग्लुकोजच्या द्रावणाचे रूपांतर ४६ टक्के ग्लुकोज, ३१ टक्के फ्रुक्टोज आणि ९ टक्के मॅनोज अशा मिश्रणात झाले. जाळीतला असा धातूचा अणूही एक प्रकारचे आम्लच असतो, आणि अशी आम्ले पाण्यात मरतात असा तोवर सर्वसाधारण समज होता. इथे छिद्रांच्या भिंती पाण्याला दूर ठेवणाऱ्या होत्या, म्हणून कथिल जिवंत राहिले. शिवाय हा उत्प्रेरक आम्लधर्मी द्रावणातही चालतो, त्यामुळे पाणी काढणारे आम्ल त्याच भांड्यात ठेवता येते. फ्रुक्टोजमधून पाणी काढले की हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल मिळते, फरफ्युरलचा सहा कार्बनचा भाऊ. त्याच कुळातल्या एका आम्लापासून बाटल्यांसाठीचे पीईएफ हे प्लास्टिक बनते. नेदरलँड्समधल्या डेल्फझाइल येथे अव्हान्टियम कंपनीने त्या आम्लाचा कारखाना उभारला आहे.

आता लिग्निन. कागद उद्योगाने शतकभर त्याला कचरा मानले आणि जाळले. अपवाद होता नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गची बोरेगार्ड कंपनी. ती १९६२ पासून स्प्रूसच्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवते आहे. लिग्निनची अडचण पुन्हा तीच आहे: लाकूड शिजवताना त्याचे बंध तुटतात, आणि तुटलेली टोके लगेच एकमेकांशी पहिल्याहून घट्ट जोडली जातात. एकदा तसे झाले की त्याला सोडवणे महाकठीण. म्हणून बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात बर्ट सेल्स यांच्यासारख्या संशोधकांनी क्रम उलटा केला. लाकूड शिजवतानाच रुथेनियमसारखा धातू आणि हायड्रोजन हाताशी ठेवायचा, टोक तुटले की तिथल्या तिथे शांत करायचे. २०२० मध्ये त्यांनी बर्चच्या लाकडाच्या वजनाचा ७८ टक्के भाग फिनॉल, प्रोपिलीन आणि इतर उपयुक्त मालात बदलता येतो हे दाखवले. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएलमध्ये जेरेमी ल्यूटरबाखर यांच्या गटाने २०१६ मध्ये फॉर्मल्डिहाइड लावून तीच टोके झाकली आणि नंतर सावकाश सोडवली. दोन देश, दोन रसायने, पण युक्तीचा गाभा एकच: तुटलेल्या टोकाला दुसरे टोक सापडण्याआधी त्याला गाठायचे.

हे सगळे खरे असताना आपल्या कारखान्यांत चिपाड अजून जळतेच आहे. त्याची कारणे रसायनशास्त्रापेक्षा व्यवहारात जास्त आहेत. गंधकाम्ल अतिशय स्वस्त आहे. घन आम्लाला त्याच्याशी स्पर्धा करायची तर सांडपाणी, गंजणारी भांडी आणि जिप्समचा ढीग यांचा खर्च हिशेबात धरावा लागतो, आणि तो खर्च धरायला कोणी भाग पाडले नाही तर धरला जात नाही. चिपाडही फुकट नाही. विजेला दर मिळतो, कागद गिरण्या आणि बोर्डवाले घ्यायला येतात. गाळप हंगाम काही महिन्यांचा असतो; उरलेल्या वर्षभर प्रकल्प चालवायचा तर चिपाडाच्या गंजी रचून, कुजण्यापासून आणि आगीपासून जपाव्या लागतात. मात्र एक मोठे काम ऊस उद्योगाने आधीच करून ठेवले आहे. पेंढा किंवा पऱ्हाटी शेताशेतांतून गोळा करावी लागते, त्यातच निम्मा जीव जातो. चिपाड कारखान्याच्या आवारात, एका जागी, चिरलेल्या अवस्थेत पडलेले असते.

मला वाटते, आपल्याकडची योग्य रचना सगळे चिपाड एका भांड्यात घालण्याची नाही. घन उत्प्रेरकाची पूड आणि उरलेले घन चिपाड एकदा मिसळले की वेगळे कोण करणार? पुण्यातल्या प्रयोगात चार चमचे माल गाळणे सोपे असते. रोज शेकडो टन गाळणे अशक्यप्राय. त्यापेक्षा आधी फक्त गरम पाणी आणि वाफ वापरून हेमिसेल्युलोज द्रवात उतरवावे, म्हणजे चिपाडातल्याच अ‍ॅसेटिक आम्लाचा फायदा मिळेल. तो द्रव गाळून, क्षार काढून, घन आम्ल भरलेल्या नळीतून सतत वाहता ठेवावा आणि बाहेर पडताच फरफ्युरल वेगळे करावे. उत्प्रेरक नळीतच राहतो, त्याला चिपाड शिवतही नाही. उरलेले सेल्युलोज आणि लिग्निन पिळून कोरडे करावे आणि आज जाते तिथेच, बॉयलरला, पाठवावे. ला रोमाना आणि सेझेला येथेही फरफ्युरल काढून घेतलेले चिपाड जळणच होते. या रचनेत चिपाडात गंधकाम्ल नसल्याने बॉयलरच्या नळ्यांनाही त्रास कमी. कारखान्याचे वीज-वाफेचे गणित फार न बिघडवता चिपाडातला पाव भाग रसायनाकडे वळतो. सेल्युलोज आणि लिग्निन यांची पाळी त्यानंतर.

यासाठी लागणारी माहिती अजून कमी आहे आणि ती पुस्तकात नाही. तेलशुद्धीकरणातले काही उत्प्रेरक वर्षानुवर्षे बदलावे लागत नाहीत. चिपाडाच्या द्रवावर घन आम्ल किती तास सलग चालते, राखेतले पोटॅशियम त्याला किती लवकर मारते, आणि छिद्रांत बसलेला ह्युमिन हवेत जाळून काढला तर ते पुन्हा पूर्वीसारखे काम करते का, हे एखाद्या चालू कारखान्याच्या शेजारी छोटी नळी बसवून, एक पूर्ण गाळप हंगाम तिच्यातून खरा माल सोडूनच कळेल.